बंधारा पाण्याखाली गेलाय, हे यंत्राला कोण सांगणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोटारसायकलवर लावायच्या जीपीएस यंत्रांची तुलना करणारा लेख आला होता. सोबत तक्ता होता: पडदा किती इंची, बॅटरी किती तास, वजन किती, किंमत किती. तेव्हापासून माझ्या दुकानात येणारी माणसं तो कागद खिशातून काढतात, काउंटरवर उलगडतात आणि विचारतात, "यातलं कुठलं घेऊ?" माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुचाकींच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न, इंडिकेटर, फॉग लाइट आणि अलीकडे हँडलवर बसवायची ही यंत्रं. तक्त्यातल्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या माणसाला भर जुलैत गगनबावड्याला जायचं असतं, आणि त्या दिवशी उपयोगी पडेल असं तक्त्यात फारसं काही सापडत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कात्री लावायचा अधिकार आपला.

सुरुवात रस्त्यापासून करतो. पाऊस धरला की आपलंच दैनिक रोज एक चौकट छापतं: पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, इतके बंधारे पाण्याखाली. बाहेरगावच्या वाचकाला ही पाटबंधाऱ्याची बातमी वाटेल. आपल्यासाठी ती वाहतुकीची असते, कारण कोल्हापुरी बंधाऱ्यावरून माणसं येजा करतात. कसबा बावड्याचा माणूस वडणग्याला जायला राजाराम बंधारा धरतो. उन्हाळ्यात तो रस्ता असतो, जुलैत नदीच्या पोटात असतो. नकाशात मात्र बारा महिने तीच बारीक रेघ. गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला. चारचाकी जिथे शिरत नाही अशा वाटा तो हुडकून काढतो. एप्रिलमध्ये त्याच्यासारखी सोय नाही, आणि त्याच गुणामुळे जुलैत तो तुम्हाला सरळ पाण्यापर्यंत नेऊन उभा करतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा अख्ख्या देशाला कळलं. हळदीचा बंधारा बुडाला तर ते फक्त हळदीला आणि तुमच्या चौकटीला कळतं.

त्यामुळे यंत्र निवडताना मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हा विचारायला लावतो: हे माझं ऐकतं का? मला हव्या त्या गावावरून ते मला नेईल का, नको तो रस्ता वगळता येतो का, आणि घरी बसून आखलेली वाट त्यात घालता येते का?

या शेवटच्या मुद्द्यावर दुकानदारही नीट सांगत नाहीत. वाट जीपीएक्स नावाच्या फाइलीतून यंत्रात घालतात. त्या फाइलीत दोन तऱ्हेच्या वाटा असू शकतात. एक रूट. त्यात फक्त थांबे असतात, मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवतं. दुसरा ट्रॅक. ती आखलेली अख्खी रेघ असते आणि यंत्र ती तशीच दाखवतं. समजा कणकवलीला राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असं जायचं ठरवलंत आणि रूट घातलात. चहासाठी रस्ता सोडून आत शिरलात की यंत्र नव्याने हिशेब मांडतं, आणि त्याला जवळचं वाटलं तर गगनबावड्याकडे ओढू लागतं. गगनबावड्याहून खाली उतरणारा करूळ घाट कामासाठी महिनोन्महिने बंद होता, त्या काळात ही ओढाताण किती जणांनी अनुभवली असेल ते वैभववाडीकरांना विचारा. ट्रॅक घातला असता तर रेघ फोंड्याचीच राहिली असती. पडदा ४.३ इंची की ६ इंची, यापेक्षा यंत्र ट्रॅक कसा हाताळतं हे विचारणारा माणूस आला की मी त्याला चहा पाजतो.

दुसरा मोठा गैरसमज रेंजचा. रेंज गेली की जीपीएस बंद पडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात, त्यांना आपल्या सिमकार्डाशी काही देणंघेणं नसतं. चार उपग्रहांचा संदेश मिळाला की यंत्राला आपली जागा कळते. रेंज लागते ती नकाशा उतरवायला, वाहतूक कोंडी दाखवायला आणि पहिली जागा चटकन सापडायला. उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो, त्यामुळे इंटरनेटची मदत नसली तर सुरुवातीला अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त लागतं. म्हणून ज्यांना दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात जायचं आहे त्यांनी घरातूनच नकाशा उतरवून घ्यावा आणि यंत्र मोकळ्या आकाशाखाली चालू करून मगच निघावं. गूगलमध्ये नकाशाचा तुकडा उतरवता येतो, पण त्याची मुदत संपते, आणि रेंज नसताना कोंडी वगैरे काही कळत नाही. ऑस्मअँड, ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात आणि अख्खा महाराष्ट्र फोनमध्ये ठेवतात. तो नकाशा २००४ पासून लोकच बनवत आलेत. आपल्या गावच्या बंधाऱ्यापुढे पावसाळ्याची नोंद आपल्यालाही करता येते. प्रत्येक ॲप ती मानतंच असं नाही. आपल्या देशातल्या मॅपमायइंडियाचं मॅपल्स स्पीडब्रेकर दाखवतं. रात्री दुचाकी चालवणाऱ्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

घाटात एका बाजूला कडा असला की अर्धं आकाश झाकतं. उपग्रह कमी दिसतात, शिवाय संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि पडद्यावरची गाडी दरीत चालताना दिसते. अशा ठिकाणी एकट्या अमेरिकी जीपीएसवर न विसंबता रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदोऊ, आपलं नाविक यांपैकी जास्तीत जास्त घेणारं यंत्र चांगलं. काही नव्या फोनांत दोन फ्रिक्वेन्सी घेणारे चिप येतात, त्यांची जागा आणखी पक्की असते. गंमत अशी की चार-पाच वर्षांपूर्वीच्या महागड्या खास यंत्रापेक्षा आजचा मधल्या किमतीचा फोन या एका बाबतीत पुढे असू शकतो.

मग खास यंत्र घ्यायचं कशाला? पावसासाठी. आजकालच्या फोनचे पडदे बोट टेकल्यावर विजेत होणारा बारीक बदल ओळखून चालतात. पावसाचा थेंब पडला की फोनला ते बोट वाटतं, नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, भलतंच बटण दाबलं जातं. हातमोजा ओला झाला की उलट होतं, खऱ्या बोटाला दाद मिळत नाही. गार्मिनचं झुमो एक्सटी किंवा टॉमटॉमचं रायडर हे हातमोज्याने आणि पावसात वापरायचं म्हणूनच बनवलेलं आहे. दुसरी गोष्ट चार्जिंगची. फोनच्या खालच्या भोकात वायर खुपसावी लागते. त्यात पाणी गेलं की बरेच फोन पाणी असल्याची सूचना देऊन चार्जिंगच थांबवतात. खास यंत्राला होल्डरवरच्या टाचण्यांतून वीज मिळते, खुपसायचं काही नसतं. आंबोलीच्या पावसात हा फरक पडद्याच्या इंचांपेक्षा मोठा.

वॉटरप्रूफ म्हणून जे छापतात त्याचंही ऐकून घ्या. झुमो एक्सटीवर आयपीएक्स७ असतं. त्याचा अर्थ एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास. त्यात जोराच्या फवाऱ्याची चाचणी येत नाही, ती वेगळी असते. आपल्याकडे रविवारी गाडी धुवायला टाकतात आणि पोरगं प्रेशरचा पाइप थेट हँडलवर धरतं. यंत्र काढून खिशात ठेवा, होल्डरवर टोपण घाला.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. ॲपलच्या कागदावर आयफोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश आहे. कोल्हापूरचा एप्रिल त्यापुढे जातो, आणि आपण फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चार्जर लावून, पूर्ण उजेडावर उन्हात धरतो. तो आधी मंद होतो आणि मग बंद. पिशवी पावसाळ्यातच वापरा.

आता माझ्या धंद्याचा विषय, त्यामुळे लांबण लागेल. बसवलेलं यंत्र नीट चालत नाही म्हणून जे येतात, त्यांची वायर मी आधी बघतो. फोनला नकाशा चालू असताना पुरेशी वीज हवी तर ५ व्होल्टवर निदान २ अँपिअर लागतात, म्हणजे १० वॅट. स्वस्त चार्जर खोक्यावर ते लिहितो आणि देत नाही. त्यात वायर केसासारखी बारीक असली की फोनवर चार्जिंगची खूण दिसते आणि टक्के मात्र उतरत राहतात. दुसरा प्रकार घातक: चार्जर थेट बॅटरीला. त्यावरचा तो निळा दिवा आणि व्होल्टेजचा आकडा चावी काढल्यावरही जळत राहतो. समजा १० मिलिअँपिअर खातो. दिवसाला पाव अँपिअर-अवर झाले. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी ३ अँपिअर-अवरच्या आसपास; गाडी उभीच असेल तर बारा-तेरा दिवसांत सपाट. मग गिऱ्हाईक बॅटरीवाल्याच्या नावाने खडे फोडतं. बरोबर पद्धत अशी: मुख्य पुरवठा बॅटरीवरून, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मध्ये रिले (खूण मिळेल तशी वीज जोडणारा-तोडणारा स्विच), आणि रिलेला खूण चावीवर चालणाऱ्या दिव्याच्या वायरीतून. चावी काढली की सगळं बंद. फ्यूज यंत्राशेजारी लावणारेही भेटतात. मधली वायर घासून चॅसीला टेकली तर त्या फ्यूजचा काय उपयोग? एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत सेन्सरच्या वायरींचं जाळं असतं. त्यात कुठेही ब्लेड मारून जोड काढू देऊ नका, मूळ कपलरला जुळणारा जोड मागा. हँडलखालून वायर ओढताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

होल्डरचं मात्र उद्यमनगरात सोपं आहे. बऱ्याच खास यंत्रांच्या पाठीला ३० बाय ३८ मिलिमीटरवर चार भोकं असतात. हा आकडा सांगितला की आमच्या गल्लीतला टर्नर अॅल्युमिनिअमची पट्टी कापून, हँडलच्या मापाचा क्लॅम्प करून देतो. परदेशी होल्डर तुटला म्हणून यंत्र कपाटात टाकून द्यायची गरज नाही.

कंपनाबद्दल तक्त्यात अवाक्षर नव्हतं, याचं मला नवल वाटलं. बुलेटचं शहर आपलं. सप्टेंबर २०२१ मध्ये खुद्द ॲपलने सूचना काढली की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, आणि फोन असा लावू नये. मोपेड-स्कूटरवर लावायचाच असेल तर कंपन शोषणारा होल्डर वापरा, असंही त्यात होतं. कॅमेऱ्यातलं भिंग हात हलला तरी स्थिर राहावं म्हणून तरंगतं ठेवलेलं असतं, तेच खिळखिळं होतं. असा कॅमेरा असणारा प्रत्येक फोन या धोक्यात येतो. म्हणून माझा सल्ला ठरलेला: लग्नाचे फोटो ज्यात काढायचे तो फोन खिशात, आणि घरातला जुना फोन हँडलवर. बॅटरी बरी हवी, कॅमेरा गेला तरी चालेल.

गाडीतच बसून येणारं नेव्हिगेशन हा तिसरा मार्ग. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० सोबत ट्रिपर आणलं. त्या छोट्या गोल तबकडीत फक्त बाण आणि अंतर दिसतं, डोकं सगळं खिशातल्या फोनचं. नव्या हिमालयन ४५० मध्ये पूर्ण नकाशा दिसतो, तोही फोनवरूनच. बाहेरून लावायच्या बीलाइन मोटोचंही तसंच, लहान गोल चकती आणि बाण. नुसत्या बाणाला लोक नाकं मुरडतात, मला तो आवडतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. पडद्यावर दोन सेकंद डोळे खिळले की तीसेक मीटर रस्ता न बघता कापला. बाण अर्ध्या नजरेत कळतो. कायदाही साधारण हेच म्हणतो: १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात वाहन चालवताना असं साधन फक्त मार्ग बघायला, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. हँडलवरच्या फोनवर क्रिकेट बघणारे मी कावळा नाक्यावर पाहिलेत.

कुणी काय घ्यावं, याचं माझं मत विचाराल तर रोखठोक सांगतो. दूध संघाचे जनावरांचे डॉक्टर रात्री-अपरात्री वाड्या-वस्त्यांवर जातात, औषध कंपन्यांची मुलं आजरा, चंदगड करतात. यांना गावोगावच्या वाटा तोंडपाठ असतात, यंत्र लागतं ते एखाद्या नव्या पत्त्यासाठी. त्यांनी जुना फोन, उतरवलेला नकाशा आणि रिलेसकट नीट वायरिंग करावं. पाचशे डॉलरचं यंत्र लावून चहाच्या टपरीबाहेर जिवाला घोर कशाला? झुमो एक्सटी २०२० मध्ये ५०० डॉलरला आलं, २०२३ चं एक्सटी२ ६०० डॉलरला. बाहेरून मागवणाऱ्याने त्यात भारताचा नकाशा आहे का हे पैसे देण्याआधी विचारावं. पुष्कळदा अमेरिकेचा किंवा युरोपचाच असतो. गार्मिनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट नकाशा घालता येतो, ज्या यंत्रात बाहेरचा नकाशा शिरत नाही ते आपल्या कामाचं नाही.

पण दरवर्षी जूनमध्ये लडाखला निघणारी टोळी असते, त्यांना मी खास यंत्रापासून अडवत नाही. तिकडे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, दिवसच्या दिवस फोन मुका असतो. फोनमध्ये नकाशा आधीच भरलेला असला तर रस्ता दिसेल, मात्र तोच फोन घरी बोलायला, फोटोला आणि हॉटेल शोधायलाही लागतो. चौघांत एक खास यंत्र पुरतं, पुढच्याच्या गाडीवर. त्याच्या बॅटरीवर भिस्त ठेवू नका: एक्सटीला कंपनी सहा तास सांगते, पडदा पूर्ण उजेडावर ठेवला की तीच कंपनी साडेतीन सांगते. वायर जोडलेली हवीच.

शेवटी आपल्याला दोन विनंत्या. पुढच्या वेळी अशी तुलना छापाल तेव्हा यंत्र दोन दिवस तुमच्या बातमीदाराकडे द्या. एक दिवस भर पावसात गगनबावडा, एक दिवस दुपारच्या उन्हात जयसिंगपूर. हातमोजा घालून. मग तक्त्यात काय घालायचं ते त्यालाच कळेल.

दुसरी विनंती बंधाऱ्यांच्या चौकटीची. प्रत्येक बुडालेल्या बंधाऱ्यापुढे पर्यायी पूल छापा. राजाराम बुडाला की वडणग्याला शिवाजी पुलावरून जायचं हे बावड्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. पार्सल घेऊन आलेल्या नव्या पोराला ते कोण सांगणार? चौकट सकाळी सहाच्या आत आपल्या संकेतस्थळावरही टाका. पाणी रात्रीत चढतं, आणि ही पोरं अंक हातात पडायच्या आधी घराबाहेर पडलेली असतात.

आपला,
एक वायरिंगवाला
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव छापू नये. गिऱ्हाइकं ओळखतीलच.)